अक्राची गर्दी आणि माझा नकाशा

३ मार्च
अक्रा शहराची वाहतूक सुधारायचं काम अखेर योग्य माणसाकडे आलं. लोकांच्या मोबाइलवरून नकाशा तयार. लाल तिथे गर्दी. माकोला स्टँड लालबुंद, माणसं ट्रोट्रो मिनीबसमध्ये बसूनच! आमच्या टेशी उपनगरात मात्र शुकशुकाट.
कोरकोर हॉस्पिटलातल्या ड्युटीवरून उशिरा आली. आमची लेक डेडे आईची वाट बघून झोपली होती. बायकोला म्हटलं, महिन्याभरात लवकर घरी येशील. पोर जागी असताना आले तरी पुरे, म्हणाली. अपेक्षा फार लहान.

१० मार्च
टेशीच्या निम्म्या गाड्या माकोल्याला हलवल्या. आमच्या खात्याच्या प्रमुख मॅडम लार्टेंची सही झाली. टाळ्या पडल्या नाहीत. पंखे बंद होते, सगळ्यांचे हात वारा घेण्यात गुंतलेले, त्यामुळे असेल.

२४ मार्च
कोरकोर आणखी उशिरा. म्हणे गाडीच मिळाली नाही, अर्धी वाट चालत आली. म्हटलं, नवी पद्धत अंगवळणी पडायला वेळ लागतो. तिने केंकी-मासळीचं ताट पुढ्यात आपटलं.

२७ मार्च, दुपार
माकोल्याला जातीने पाहणी. गाडी जवळजवळ भरलेली. लोक चढू लागले तसे आधीचे सहाजण उतरून मागच्या रिकाम्या गाडीत जाऊन बसले!

संध्याकाळी
कोरकोर म्हणाली, अरे, ती भाड्याची माणसं. रिकाम्या गाडीत कोण चढतंय? म्हणून कंडक्टर पैसे देऊन बसवतो. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तुला पगार कशाचा देतात? आणि टेशीत वीज नसते, फोन बंद पडलेले. तिचाही.
म्हणजे माझ्या नकाशात माझी बायकोच नाही. आणि स्टँड लालबुंद तो भाड्याच्या माणसांच्या फोनमुळे. त्यांचं मलाही ठाऊक होतंच. कॉम्प्युटरला सांगायचं राहिलं.

३० मार्च
चूक कबूल करायला मॅडमच्या दारापर्यंत गेलो. आत पाहुण्यांपुढे माझ्याच नकाशाचं कौतुक चाललेलं. लोकांच्या आनंदावर विरजण घालणं माझ्या स्वभावात नाही. पुढच्या आठवड्यात नक्की.

९ एप्रिल
आठवडा गडबडीत गेला. डेडेने विचारलं, आई आता हॉस्पिटलातच राहते का? उद्या सांगतोच.

१४ एप्रिल
कोरकोर डेडेला घेऊन हॉस्पिटलजवळ बहिणीकडे राहायला गेली. भांडली नाही. भांडली असती तर माझी उत्तरं तयार होती. घर खायला उठलंय.

१७ एप्रिल
नवा नकाशा आला. टेशीतली ये-जा आणखी घटली. मॅडम म्हणाल्या, तुमचा अंदाज तंतोतंत खरा ठरला. उरलेल्या गाड्याही हलवू.
मी थँक यू म्हणालो.