सगळी गाणी तुझ्या तळघरात

त्सोना मावशीला प्लोवदिव्हहून लचेझारचा नमस्कार.

गुडघे कसे आहेत? पिंपातला कोबी आंबला का? मी बरा आहे, म्हणजे सकाळी उठतो, इतपत.

आमचा धंदा तुला ठाऊक आहेच. लोकांच्या फायलींचे तुकडे करायचे आणि घरोघरच्या संगणक-पेट्यांत साठवायचे (तुझ्या तळघरात गुणगुणते ती त्यातलीच). कुठल्या पेटीत काय जावं याचे नियम गिऱ्हाइकाने ठरवावेत, अशी जाहिरात आम्हीच केली. ती लिहिणारा नोकरी सोडून गेला, मी राहिलो.

परवा धरणात बुडालेल्या एका गावची मंडळी आली. गावातल्या बायकांची जुनी गाणी ठेवायची होती. मूळ फिती ओलीने केव्हाच गेल्या. त्यांचे चिटणीस गांचो म्हणाले, राजधानीत, सोफियात नको, तिथे गेलेलं परत येत नाही. केला नियम. खजिनदारांना डॅन्यूबचा काठ नको (पूर). केला. मग शेजारचं गाव नको, कारण त्यांनी म्हणे आजोबांच्या काळात एक गाणं चोरलं होतं. तेही केलं. शिवाय पेटी वर्षभरात एकदाही बंद पडलेली नसावी. दर नियमागणिक पेट्या गळत गेल्या आणि मी कॉफी पीत गेलो.

शेवटी मी विनवलं, निदान तुकडे वेगवेगळ्या गावांत राहू द्या. एखादी पेटी बिघडली तरी बाकीच्यांवरून गाणी पुन्हा जुळवता येतात. तेव्हा त्यांच्यातल्याच वेलिच्का आजी बोलल्या.

"बाळा, गाव बुडालं तेव्हा आम्हाला चार ठिकाणी वाटून टाकलं. मी इकडे, बहीण तिकडे. ती गेल्याचंसुद्धा मला उशिरा कळलं. तिचा आवाज आहे रे त्यात. गाणी तरी एका घरात राहू देत."

मावशी, तोही नियम केला. सगळ्या नियमांत बसणारी पेटी अख्ख्या देशात एकच निघाली. तुझी.

तुझा दमलेला भाचा,
लचेझार

ता. क. तू नवा हीटर घेतलास असं ऐकलं. तो लावायला पेटीचा प्लग काढू नकोस, हात जोडतो.

आणखी ता. क. रविवारी वेलिच्का आजी दोन मैत्रिणींना घेऊन तुझ्याकडे येतायत, गाण्यांना भेटायला. पेटीला कान लावून काही ऐकू येत नाही, हे सांगून मी थकलो. चीजच्या थरांची बानित्सा खायला त्याच आणतील. तू तळघरात तीन खुर्च्या मांड, आणि गायला लागल्या तर गाऊ दे. एक प्रत मी गुपचूप सोफियात ठेवली आहे, तेवढं मात्र बोलू नकोस.