व्रण आणि वण

आश्विन शुद्ध १, शके १७०६

घट बसवण्याआधी घरभर हिंडून एकेकाची विचारपूस केली. चिरंजीवांचा खांदा? – "ठणका उतरला." घण जरा कमी मार म्हटलं, तर हसला. सूनबाईंची कंबर? – "आहे जागेवर, मामंजी." नात कुसुम, तिचा खोकला? – खोकून दाखवला! माझा गुडघा कोणी विचारला नाही. म्हणून इथं लिहितो – दुखतो.

यंदा अष्टमीला नऊ कुमारिका पुजायच्या. अनंतभटांच्या पोथीची दोन पानं उतरवून घ्यायला मागून आणली. भटजी म्हणाले, "तांबटाला पोथी? काय, ठोकून पत्रा करायचाय?" मी म्हटलं, अहो, भांड्यांवर लोकांची नावं घालता घालता अक्षर शिकलोय. त्यावर शाळेत कोणी छडी मारली नाही, एवढाच काय तो फरक.

अक्षर लावत लावत पहिलं पान लागलं. काय सुरेख आहे! मुलगी दोन वर्षांची म्हणजे कुमारिका, तीनाची त्रिमूर्ती, चाराची कल्याणी, पाचाची रोहिणी, सहाची काली, साताची चंडिका, आठाची शांभवी, नवाची दुर्गा, दहाची सुभद्रा. आळीतल्या शेंबड्या पोरी – आणि एकेक देवी होऊन बसलेली! पुन्हा पुन्हा वाचलं. मोठ्यानं वाचलं. घरातल्यांनी ऐकलं का कोण जाणे.

शुद्ध ४

आमंत्रणं करून आलो. कुसुमला सांगितलं, तू काली. ती भोकाड पसरून – "मी काळी नाही!" अगं काळी नव्हे, काली! पटेना. शेवटी गूळ द्यावा लागला.

समोरच्या सोजरबाईंची नात ठकू सात वर्षांची. ती चंडिका. तिला सांगताच तिनं आधी आजीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "खरंच मी?" म्हणाली. तीन वर्षांमागं देवी येऊन गेल्या पोरीला, सगळं तोंड वणांनी भरलंय. लग्नमुंजीत पोरी तिला पुढं बसवत नाहीत. म्हटलं, खरंच तू. त्यावर जी पळाली!

शुद्ध ७

दुसरं पान आज लागलं. कोणत्या कन्या पुजू नयेत ते त्यात आहे. "व्रणांकित कन्या वर्ज्य." चारदा वाचलं. अक्षर स्वच्छ आहे.

आता काय करू? ठकूला बोलावून बसलोय.

शुद्ध ८

लिहू नये असं वाटतंय. लिहितो.

पाट मांडलेले. नऊ जणी बसल्या. परात घेऊन मी एकेकीचे पाय धूत चाललो. ठकूनं पाय आधीच पुढं काढून ठेवले होते, घासून घासून लाल केलेले. मी तिथं थांबलो. सगळी आळी बघत होती. दोन पानं वाचल्याचा ताठा अंगात, दुसरं काय! म्हणालो, "पोरी, तू ऊठ. शास्त्रात नाही. व्रणांकित कन्या वर्ज्य म्हटलंय."

शास्त्राचा शब्द मोठ्यानं उच्चारला. गोड लागला मला. खोटं कशाला बोलू.

सूनबाई पुढं आल्या, सगळ्यांसमोर माझी बाही धरली – "मामंजी, तिला नका उठवू." आजवर कधी त्या मला उलटून बोलल्या नाहीत. मी म्हटलं, तुम्हांला यातलं काय कळतंय?

ठकू उठली. रडली नाही. पाट भिंतीला नीट उभा करून ठेवला आणि गेली. सोजरबाई तिच्यामागं. मला वाटलं बोलतील. त्यांची जीभ आळीला ठाऊक आहे. बोलल्या नाहीत.

खीर कोणाच्या घशाखाली उतरली नाही. कुसुमनं तर ताटच सरकवलं – "ठकी नाही तर मी काली पण नाही."

शुद्ध ९, सकाळ

आळीत पोरं खेळतायत. एक ओरडतो, "वर्ज्य आली, वर्ज्य!" बाकीची पळतात. ठकू पाण्याला निघाली होती. ओढणीसारखा फडका तोंडावरून घेतलेला. तशीच मागं फिरली.

एवढ्याशा पोरांना हा शब्द कुठून ठाऊक? माझ्याच तोंडचा!

त्याच दिवशी, दुपार

पानं परत द्यायला अनंतभटांकडं गेलो. घडलं ते सांगितलं. मनात होतं, ते म्हणतील, बरोबर केलंत. त्यांनी पानं घेतली आणि विचारलं –

"व्रण म्हणजे काय हो?"

"म्हणजे वण. अंगावरचे डाग."

"अहो, व्रण म्हणजे वाहती जखम! जखम असलेल्या पोरीला तासभर पाटावर बसवू नये, तिला निजू द्यावं. वण म्हणजे ती भरून आल्याची खूण. तुमची ठकू ठणठणीत बरी आहे. वर्ज्य कसली?"

भटजी पाण्याचं भांडं पुढं करून म्हणाले, "घ्या. वाचता येतं म्हणून विचारायचं नसतं, असं नव्हे."

एका रकारासाठी पोर उठवली. भांड्यावर नाव चुकलं तर घासून काढता येतं. हे कशानं घासू?

त्याच दिवशी, संध्याकाळ

परात घेऊन समोर गेलो. आळीतून, सगळ्यांच्या देखत. पोरं मागं जमलीच. त्यांनाही ऐकू जाईल असं म्हणालो – मी चुकलो. शब्द मला वाचता आला नाही. वर्ज्य कोणी असेल तर हा म्हातारा.

सोजरबाई उंबऱ्यात. "अक्षरओळख झाली म्हणायची एकदाची!"

म्हटलं, मारा जोडे. पण पोरीचे पाय धुऊ द्या.

"पाय तिचे आहेत. तिला विचारा."

ठकू आजीच्या आडून बाहेर आली. तोंडावर फडका तसाच. मी खाली बसलो, गुडघा कुरकुरला. तिनं परकर जरा वर धरला. मग एक पाय परातीत ठेवला.

"आणि दुसरा?"

"दुसरा पुढल्या वर्षी. तोवर नीट वाचायला शिका."

आळी हसली. मीही हसलो, म्हणजे तोंड केलं तसं. तिनं फडका जरा वर केला, नीट दिसावं म्हणून असेल. मग तो काढूनच टाकला.

शुद्ध १०, दसरा

सोनं वाटून आलो. सूनबाई माजघरात डोळ्यांना पदर लावून बसलेल्या.

"मामंजी, आता सांगितल्यावाचून राहवत नाही. तुम्ही नाशकात कामाला होतात तेव्हा कुसुमला देवी आल्या होत्या. घरात पाऊल टाकायला कोणी धजेना. सोजरबाई आल्या. बारा दिवस उशाशी बसल्या, कडुलिंबाची डहाळी हलवत. कुसुम उठली, अंगावर एक वण नाही. आणि त्याच आठवड्यात त्यांच्या घरी ठकूला देवी आल्या."

मला का नाही सांगितलं?

"सोजरबाईंनी शपथ घातली होती. म्हणाल्या, म्हाताऱ्याला कळू देऊ नका. मायाळू आहे, जन्मभर आमच्या दारावरून मान खाली घालून जाईल."