न चावणारे बूट

३ मार्च
ठरलं. एक एप्रिलला निघायचं. डोंगर ओलांडून थेट समुद्र, पायी, बारा दिवस. आजवरचे सगळे प्रवास अर्धवट राहिले, पण दरवेळी चूक दुसऱ्याची होती. शुगर वयाच्या अकराव्या वर्षापासून आहे. आता तिलाही माझी सवय झालीय.

५ मार्च
दवाखाना. सिस्टरने डोळे मिटायला सांगितले, पायाच्या तळव्याला नायलॉनचा बारीक दोरा टोचणार होती. बराच वेळ गेल्यावर म्हटलं, सुरू तर करा. म्हणाली, कधीच झालं! मग भाषण : रोज आरशात तळवे बघा, रुंद बूट घ्या. तळव्यांना आरसा! इथे तोंड बघायला वेळ नाही.

८ मार्च
बूट घेतले. म्हाताऱ्या दुकानदाराने माप घेतलं, म्हणाला, नऊ नंबर साहेब. नऊ घातले तर पायात काही आहे असं वाटेचना. आठही ढगळ. सात मात्र पक्के बसले. म्हातारा म्हणाला, चावतील हो. तीन फेऱ्या मारून दाखवल्या. अजिबात चावले नाहीत. त्याच्याकडे नुसतं दुकान आहे, चालण्याचा अनुभव आपल्याकडे.

९ मार्च, सकाळी ७
सराव. दहा किलोमीटर ठरलेले. वाटेत पुलाचं काम दिसलं, क्रेन बघत बसलो. एकूण दोनच किलोमीटर झाले. पण क्रेनबद्दल बरंच कळलं.

१४ मार्च
बारा किलोमीटर! एक फोड नाही. मोजे काढून बघितलं नाही, पण असता तर दुखला नसता का?

१७ मार्च
दारापासून माझ्या खाटेपर्यंत फरशीवर डाग. ताई ओरडली, अरे गाढवा, रक्त आहे ते! भावोजी पेपरातून म्हणाले, त्याचं नसेल, त्याला कुठे काय लागतं. टोमण्यांत एम.ए. केलंय माणसाने. मोजा अंगठ्याला चिकटला होता. मलम लावून पट्टी बांधली. निघायची तारीख तीच.

२४ मार्च
अंगठा काळा. बुटाचा रंग उतरला असणार. वास मोज्यांचा. ताप हवेचा.

२६ मार्च
ताईने ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस दुखलं नाही? ताठ मानेने सांगितलं, नाही. कुणी कौतुक केलं नाही. उद्या अंगठा आणि शेजारचं बोट काढणार. सही केली. ताई भिंतीकडे तोंड करून उभी.

२ एप्रिल
दवाखान्यातली खाट ते बाथरूम. अकरा पावलं, ताईच्या खांद्यावर हात टाकून. येताना चाकाच्या खुर्चीतून आणलं.