शेंगा भरायच्या आधीची पोपटी

बाई, परवा तालुक्याच्या सभागृहात दिवसभर बसून आलो. गरिबाघरच्या मुलांसाठी गावातल्या सगळ्या खात्यांनी मिळून काम कसं करायचं, असा विषय होता. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष म्हणून मला बोलावणं आलं होतं. आठवीतून शाळा सोडलेला माणूस शाळेचा अध्यक्ष, यावर तुम्ही पदराआड हसला असतात. पण जळक्या मोटरी उकलून आणि रद्दीतली पुस्तकं वाचून मी मोटरीत नवी तार भरायचं काम स्वतः शिकलो आहे, मला खुर्चीचा संकोच वाटत नाही. पडद्यावर गोल काढले होते. एकात शाळा, एकात अंगणवाडी, मग आरोग्य, रेशन, ग्रामपंचायत, आणि सगळ्यांतून बाण निघून मधल्या गोलाकडे जात होते. तिथे लिहिलं होतं ‘बालक’. साहेब तरुण होते, मनापासून सांगत होते. त्यांनी स्वतःच कबूल केलं की बाण काढणं सोपं, हे गोल एकमेकांशी बोलते करणं अवघड. मग म्हणाले, कुणाला काही अनुभव असेल तर सांगा. माझा हात वर गेला आणि मी तुमच्या शेतातल्या त्या पोपटीच्या जेवणाची गोष्ट सांगितली.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा. नाक्यावर नुकतं दुरुस्तीचं दुकान टाकलेलं. तुम्ही अंगणवाडीच्या बाई. मी तुमच्या अगदी पहिल्या तुकडीतला, त्यामुळे दुकानाचा मालक झालो तरी तुम्ही मला हाक मारायच्या ती ‘अरे ए’ अशीच. डोंगराच्या पायथ्याची कातकरवाडी तुमच्या अंगणवाडीत येत होती. भातकापणी उरकली की वीटभट्टीवाल्याचा ट्रक यायचा आणि वाडीतली माणसं कच्च्याबच्च्यांसकट भट्टीवर जायची, ती पावसाच्या तोंडावर परत. शाळेच्या हजेरीपटावर पोरांची नावं असायची, पोरं नसायची. त्यातली एक मुलगी सहा वर्षांची होती. तीन वर्षं तुम्ही तिला पावसाळाभर भरवून उभी करत होतात आणि तीन वर्षं ती भट्टीवरून काटकी होऊन परत येत होती. त्या वर्षी जूनमध्ये तिला ट्रकमधून खाली उतरवली तेव्हा तिच्याने उभंही राहवेना. नर्सबाईंनी तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, अजून एक हंगाम भट्टीवर गेला तर ही पोर हाती लागायची नाही. ते तुम्ही मला सांगितलंत तेव्हा तुमच्या हातात पोरांची वाटी होती आणि ती तुम्ही पुन्हा पुन्हा पुसत होतात.

पहिल्या ट्रकने वाडी रिकामी झाली. मुलीचा बापही गेला. आई तेवढी मागे राहिली, कारण धाकटा तापाने फणफणला होता. दुसरा ट्रक रविवारी यायचा होता. तुम्ही तिला म्हणालात, मुलीला आजीजवळ ठेव. ती म्हणाली, “ठेवते की बाई, मला काय हौस हाय? पन म्हातारी तिला खायाला काय घालील?” या एका प्रश्नाचं उत्तर आणायला तुम्ही चार दारं फिरलात. रेशनचं दुकान खाडीपलीकडे. दुकानदार म्हणाले, कार्ड बापाच्या नावावर आणि बाप भट्टीवर. ग्रामसेवकांनी लिहून दिलं तर म्हातारीला धान्य देईन. ग्रामसेवक म्हणाले, मुलगी शाळेत आहे असा हेडमास्तरांचा दाखला आणा, मग लिहितो. हेडमास्तर म्हणाले, रोज यायची ताकद तिच्यात आहे असं नर्सबाईंनी सांगितलं तर आज घेतो. आणि नर्सबाई म्हणाल्या, ती एका जागी राहून पोटभर खाईल तर ताकद येईल ना! म्हणजे फिरून पुन्हा रेशन. त्या चौघांत वाईट एकही नव्हता, हे मी परवा सभागृहात ठासून सांगितलं. फक्त प्रत्येकाचा दिवस वेगळा, गाव वेगळं, एस.टी. वेगळी. चौघांनी मिळून एकदा चहा घेतल्याचंही कुणाला आठवत नव्हतं.

मी तुमच्या अंगणवाडीचा पंखा लावत होतो. शिडीवरूनच तावातावाने म्हणालो, हे सगळं सरकारनं बघायला पाहिजे. तुम्ही खालून माझ्याकडे असं बघितलंत की माझ्या हातातला स्क्रू पडला. “सरकार म्हणजे कोण रे? मला माणूस दाखव, मी त्याला जेवायला बोलावते.” मग स्वतःच बोटांवर ती चार दारं मोजलीत आणि म्हणालात, “खरंच की. चौघांनाही जेवायला बोलावते.”

अशी ती पोपटी ठरली. शुक्रवारची संध्याकाळ, तुमचंच वालाचं शेत. आता आमच्याकडे पाहुण्यांच्या बंगल्यांवर पत्र्याच्या डब्यात पोपटी लावतात, त्याला मी पोपटी म्हणत नाही. तुम्ही मडकं आणलंत, कुंभाराकडचं, जाड बुडाचं. तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये कोंबडी, अंडी, बटाटे, वर पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला ठासून भरलेला. पाला मुलीच्या आईने आणला होता, रगडून कसा भरायचा तेही तीच मला दाखवत होती. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं घालून भोवती पेंढा आणि माडाच्या झावळ्या रचल्या आणि जाळ मी लावला. पोपटीची एक गंमत तुम्ही बरोबर हेरली होतीत. मडकं जाळात असलं की पाहुण्याला उठून जाता येत नाही. वास सुटलेला असतो आणि हातात काही पडलेलं नसतं.

दुकानदार शेठनी शेत बघितलं आणि पहिला टोला हाणला. “बाई, एवढी कसली घाई झाली? शेंगा अजून कोवळ्या आहेत. पोपटी लावायची तर दाणा भरू द्यायचा.”

“शेंगा भरेपर्यंत ट्रक थांबायचा नाही, शेठ,” तुम्ही म्हणालात.

सगळ्यांना कळलं आपण कशाला आलोय. मुलीची आई धाकट्याला घेऊन बांधावर लांब बसली होती, तिला तुम्ही हाताला धरून जाळाशी, नर्सबाईंच्या शेजारी आणून बसवलंत. मग म्हणालात, “माझ्या पोपटीचा एक नियम आहे. आज जो ‘आधी त्यांनी करावं’ म्हणेल त्याला कोंबडी नाही, नुसत्या शेंगा.”

“त्यापण कोवळ्या,” नर्सबाई म्हणाल्या, आणि सगळे हसले. ग्रामसेवक भाऊसाहेब सगळ्यांत मोठ्याने.

हसू ओसरायच्या आत तुम्ही हेडमास्तरांकडे वळलात. नियम काय सांगतो हे तुम्ही विचारलंच नाहीत. “गुरुजी, तुमच्या हातून उद्या काय होईल?” गुरुजींनी चष्मा पुसला. म्हणाले, नाव उद्या घालतो, दाखलाही उद्याच देतो, तब्येतीचं मागाहून बघू. “मग लेखी मी इथेच देतो,” भाऊसाहेब म्हणाले आणि बॅटरीच्या उजेडात मांडीवर लिहायला लागले. शेठ म्हणाले, म्हातारीने खाडी ओलांडायची गरज नाही, अंगणवाडीचा खाऊ न्यायला टेम्पो येतो त्यातच तिची पिशवी टाकत जाईन. नर्सबाई मंगळवारी अंगणवाडीत येतच होत्या. मुलीचं वजन बघून वाडीवर म्हातारीचा खोकलाही बघायचं त्यांनी कबूल केलं. कुणी खिशातलं काही काढलं नव्हतं, कुणी कायदा मोडला नव्हता. मी झावळ्या सारत होतो आणि मनात म्हणत होतो, बाई आता मडकं काढायला सांगतील.

तेवढ्यात मुलीची आई बोलली. “समदं खरं. पन वाडी रिकामी हाय. डोंगराला एकली म्हातारी नि पोर. रातचं काय?”

याचं उत्तर कुणाच्याच खात्यात नव्हतं. भाऊसाहेब खाकरले. “समाजमंदिर सभेशिवाय बंदच असतं. चावी माझ्याकडे आहे.” त्यांनी खरंच जुडग्यातून चावी सोडवली आणि तुमच्या हातात दिली. आत लाइट लावायचं मी बोलून टाकलं. बल्ब दुसऱ्याच दिवशी लागला, तो माझ्या हातचा. पण त्या बाईचं समाधान नव्हतं. तिने धाकट्याला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि विचारलं, “पोरगी रात्री रडली तर कोन उठंल? म्हातारीला ऐकू येत न्हाय.”

“मी उठेन,” तुम्ही म्हणालात.

तेवढंच. मग मडक्यावर पाणी शिंपडलंत, ते चर्र करून उडालं, आणि म्हणालात, झाली बरं का. शेंगा कोवळ्याच होत्या, साली दाताखाली येत होत्या. शेठनी तीनदा मागून घेतल्या.

रविवारी मी दुकान बंद ठेवून ट्रकपाशी उभा होतो. मुलीची आई आधी गाठोडं वर टाकते, मग मुलीला उचलून वर ठेवते. तुम्ही दोन पावलं मागे उभ्या आहात, हात पुढे करत नाही. ड्रायव्हर हॉर्न देतो. ती वर चढते, धाकट्याला पदराखाली घेते, मुलीच्या केसांवरून हात फिरवते आणि तिला उचलून खाली तुमच्याकडे देते. तुम्ही धाकट्यालाही ठेवून घ्यायचं म्हणत होतात, पण तो अंगावर पीत होता. परतताना मी हळहळलो, तर म्हणालात, “अर्धं झालं रे. अर्धं म्हणजे काही नाही असं नव्हे.” त्या संध्याकाळी तुम्ही वळकटी समाजमंदिरात नेलीत आणि पाऊस लागेपर्यंत तिथेच झोपलात. तुमच्या सासूबाईंनी आठ दिवस अबोला धरला होता म्हणे. जूनमध्ये ट्रक आला तेव्हा मुलगी शाळेच्या ओट्यावरून धावत आली आणि आईने तिला आधी ओळखलीच नाही. पुढच्या वर्षी वाडीतली निम्मी पोरं मागे राहिली. त्या पोपटीपासून सुरू झालेली शुक्रवारची बैठक तुम्ही कधी मोडू दिली नाहीत. पोपटीचे दिवस संपले की चहा आणि पोहे, पण चौघं हजर. तुम्ही गेल्यावर ती दोन वर्षं चालली, मग बदल्या झाल्या आणि थांबली. आता साहेब ती तालुक्यात सुरू करू म्हणतात. करतील असं वाटतं.

परवा हे सगळं मी मडक्याच्या बुडासकट सांगितलं. टाळ्या पडल्या, मी खाली बसत होतो, एवढ्यात मागच्या रांगेतून अंगणवाडीची एक तरुण पर्यवेक्षिका उभी राहिली. “दादा, मग ती मुलगी रात्री रडायची का हो?”

“तीन रात्री,” मी म्हणालो. “चौथ्या रात्रीपासून शांत.” तिने ते लिहून घेतलं.

बाई, हे मी ठोकून दिलं. मला माहीत नाही. मी बल्ब लावून घरी गेलो होतो आणि त्यानंतर तुम्ही सात वर्षं जिवंत होतात, तरी एकदाही विचारलं नाही. ती मुलगी आता नाक्यावर नाश्त्याची गाडी लावते, तिचा मुलगा आयटीआयला आहे. कालच मिक्सर घेऊन आली होती. “दादा, भांडं फिरतंय पण वाटत नाय, आणि मागच्यासारखं भाव लावू नका,” म्हणाली. मी पातं बदललं, भावावरून वाद घातला आणि तिला जाऊ दिलं. तिला विचारायचं धाडस झालं नाही. ती आठवत नाही म्हणाली असती तर तुम्ही किती वेळा उठलात हे सांगणारं कुणीच उरलं नसतं. सभेच्या वृत्तांतात आता तीन असंच जाईल. जास्त रात्री असल्या, तर तेवढ्या मी तुमच्या नावावरून कमी केल्या.