कागदावरच्या धाकट्या बहिणीचा वाटा

रुग्णालयातून या घरी काय काय आलं, ते आधी लिहिते. औषधांची पेटी: निम्म्या दरात. फळांची करंडी: धाकट्या दिरांच्या धर्मादाय संस्थेकडून, फोटो काढून झाल्यावर. एक मूत्रपिंड: दान, किंमत काही नाही, असं मला सांगण्यात आलं.

आता मृत्युपत्र. मी, या घराची मालकीण, वय अडुसष्ट, शिक्षण मॅट्रिक, काम घर सांभाळणं, हे स्वतःच्या अक्षरात आणि ठिकाणावर असलेल्या डोक्याने लिहीत आहे. दडपण कोणाचंही नाही. भाऊजी, म्हणजे हेच धाकटे दीर, बाहेरच्या खोलीत येऊन बसले आहेत, पण मधल्या दाराला मी आतून कडी लावली आहे.

एक. तळमजला, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची मोरी, माझ्या धाकट्या बहिणीला. ही बहीण माझ्या आईच्या पोटची नाही. ती बाजारामागच्या गल्लीत इस्त्री करते. माझी मूत्रपिंडं निकामी होऊन मी तापाने ग्लानीत असताना भाऊजींनी तिचं मूत्रपिंड विकत घेतलं, आणि तसं घेता येत नाही म्हणून रुग्णालयाच्या कागदावर तिला माझी सख्खी बहीण केलं. मला सांगितलं, संस्थेच्या एका सेविकेने पुण्य म्हणून दिलं. मी रोज जपाला बसून त्या देणारीचं भलं मागत होते.

वर्षाने ती दारात आली, कुशीवर हात दाबून. म्हणाली, "इस्त्री उचलवत नाही. संस्थेत गेले तर म्हणाले, कागदावर बहीण आहे ना, तिच्याकडे जा. म्हणून आले, ताई." आणि स्वतःच हसली. माझ्या फोटोवर देणग्या गोळा झाल्या होत्या. तिच्या औषधाला मात्र निधी नव्हता.

भाऊजींना विचारलं. म्हणाले, "वहिनी, एक शब्द तर लिहिला. त्यात कुणाचं काय गेलं?"

"तिचं गेलं ना. डाव्या कुशीतून."

दोन. वरचा मजला मुलाला. तो म्हणतो, "आई, रक्कम देऊन टाक आणि मोकळी हो." बाळा, रक्कम दिली की आपणही गिऱ्हाईकच. तिनेही मी दिलेलं पैशांचं पाकीट परत केलं: "विकलं ते विकलं. भीक नको." म्हणून हा वाटा भीक नाही आणि मोलही नाही. बहिणीचा आहे.

तीन. बँकेतली ठेव आधी तिच्या तपासण्यांना, उरेल ती मुलाला. संस्थेला फुटकी कवडी नाही. माझा हसरा फोटो छापलेला त्यांचा वार्षिक अहवाल भाऊजींना साभार परत.

चार. पोलिसांत जावं तर विकणारी म्हणून तीही अडकते. तो निर्णय तिचा. तिने ठरवलं तर हा कागद माझी साक्ष समजावा. जिवंत असेन तर सोबत जाईन.

पाच. जपमाळ माझ्याबरोबर जाऊ द्यावी. देवाशी माझं बोलणं अजून संपलेलं नाही.

सही: घराची मालकीण
समक्ष सही करणारे: शेजारची शिंपीण, औषधांच्या दुकानाचे मालक
ठिकाण: राहत्या घराचं स्वयंपाकघर. सोमवार, सात तारीख.

प्रतीसोबत: अगं धाकटे, मागची खोली मी आजच रिकामी केली आहे. माझ्या मरणाची वाट कशाला बघायची? इस्त्री दोघी मिळून उचलू. दोघींचं बळ एकीपुरतं तरी भरेल. भांडायचं असेल तर इथे येऊन भांड, तेवढा बहिणीचा हक्क आहेच. सोबतच्या पोस्टकार्डावर पत्ता मी घातला आहे. येतेस की नाही, उलट टपाली कळव.