साबणाच्या वडीची मुलगी

ता. ४ जून

चि. वडीस,
अ. उ. आ.

मुलगी झाल्याची तुझी तार वाचली आणि हातातली छिन्नी खाली ठेवली. एका दिवंगत बँक मॅनेजरांचं आडनाव थडग्याच्या दगडावर अर्धंच कोरून झालं होतं. म्हटलं, त्यांना आता कसली घाई. शेजारच्या फुलवाल्याला बातमी सांगितली, तर तो सवयीने म्हणाला की फार वाईट झालं. मग भानावर आला आणि तुझ्यासाठी गुलाब बांधून दिले. ते पाठवलेत.

आता मुद्द्याचं. मुलीचं नाव मी ठेवणार. तुझंही मीच ठेवलं होतं. मी सहा वर्षांची होते, आईबाबांनी शब्द दिला आणि पाळला, हे विसरू नकोस. मला मूलबाळ नाही. दिवसभर नावं कोरते ती सगळी गेलेल्यांची. एकदा तरी आलेल्या माणसाचं नाव माझ्या हातून ठेवलं जावं, एवढीच हौस आहे गं.

मास्तरांना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार. माया आहेच, ती नावाच्या भानगडीत आटू देऊ नये.

तुझी ताई


ता. ११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, गुलाबही पोचले. मात्र गुलाबांसोबतच्या चिठ्ठीत 'आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत' असं होतं. सासूबाईंना वाटलं, मुलगी झाली म्हणून. त्या तुझ्यावर दोन दिवस फुगून होत्या. मी समजूत घातली.

ताई, रागावू नकोस, पण नाव तू नाही ठेवायचं. तू माझं नाव न्हाणीघरातल्या साबणाच्या वेष्टनावरून ठेवलंस. आयुष्यभर मला लोक विचारत आले की फेस किती येतो. शाळेत मी वर्गात शिरले की मुली नाक वर करून वास घ्यायच्या. 'वडी' हे तर माझ्या दवाखान्यातल्या कंपाउंडरलाही कळलंय. माझ्या मुलीच्या नावाला कुणी हसता कामा नये, मला दुसरं काही नको.

पण इथे तरी कुठे जमतंय? मी जनावरांची डॉक्टर आणि नवरा शाळेत मास्तर. मला आवडलेलं नाव त्यांच्या वर्गातल्या कुणा उपद्व्यापी मुलीचं निघतं, आणि त्यांना आवडलेल्या नावाची कुत्री मला चावून गेलेली असते. सासूबाईंनी जगभरातल्या नावांचा जाडजूड कोश आणलाय. त्या आधी नादावर भाळतात आणि मग अर्थ वाचतात. क्लॉडिया फार गोड वाटलं. ते लॅटिन, अर्थ लंगडी. मग सिसिलिया, तेही लॅटिन, अर्थ आंधळी. रेचेल म्हणजे हिब्रूत मेंढी, आणि मेंढ्या मला कामावर पुरेशा भेटतात. आयरीन म्हणजे ग्रीकांची शांती. ते एक दिवस लावून पाहिलं, तर खालच्या मजल्यावरचे शिंपी वर येऊन बाळाला काही दुखतंय का विचारून गेले. मीनाक्षी जवळजवळ ठरलं होतं. पण जेवताना मी सहज बोलून गेले की माशांना पापण्याच नसतात. पोरगी आधीच डोळ्याला डोळा लावत नाही. सासूबाईंनी पान उलटलं.

महिनाअखेर कचेरीत नाव द्यायचंय. तोवर ती नुसती 'बाळ'. राग आला तर अर्धा ठेव, अर्धा सोड.

तुझी वडी


ता. १७ जून

चि. वडीस,
अ. उ. आ.

तो साबण महागातला होता. मला नुकतं वाचता येऊ लागलं होतं आणि जो पहिला सुंदर शब्द धडपणे वाचता आला तो मी तुला दिला. चालायचंच, चांगुलपणाला यश नाही.

तरी तुझं पत्र वाचून मीही वाचनालयात जाऊन बसले. आफ्रिकेतले अकान लोक जन्मवारावरून नाव ठेवतात. हिचा मंगळवार, म्हणजे अबेना. वारावर कुणाला वाद घालता येत नाही, हे मला फार पटलं. मास्तरांना विचार, त्यांच्या वर्गात असेलच एखादी. उर्सुला म्हणजे छोटं अस्वल. तुझे लहानपणीचे केस आठवले, पण पुढे काही म्हणत नाही. शबनम फारसी, म्हणजे दव. किती हलकं नाव! पण परवाच कोरलंय, काळ्या दगडावर, त्यामुळे माझ्या तोंडून निघेना. तुमच्या घरात कुत्री आड येतात, माझ्या दुकानात गिऱ्हाइकं.

असो. नाव तुम्हीच ठेवा. मी हट्ट सोडला. वाईट वाटलं ते लपवत नाही, पण मुलगी तुझी आहे. तिच्या खोलीच्या दाराला पांढऱ्या संगमरवराची पाटी करून पाठवते आहे. नावाची जागा मोकळी ठेवलीय. ठरलं की येऊन कोरीन, तेवढं तरी करू द्याल ना?

तुझी ताई


ता. २५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाटी आली. दोन हमालांनी जिना चढवून आणली. सासूबाईंनी कौतुकाने गोणपाट सोडलं. कोपऱ्यात मान टाकलेलं फूल. मधे नावाची जागा कोरी. खाली बाळाची जन्मतारीख, तिच्यापुढे आडवी रेघ, आणि रेघेपुढे आणखी एका तारखेपुरती जागा.

सासूबाई मटकन खाली बसल्या. मास्तर पाणी आणायला धावले आणि घाबरून स्वतःच प्यायले. शिंपी जिन्यातून डोकावले, त्यांनी दगड पाहून टोपी काढली आणि हलक्या आवाजात विचारलं की कोण गेलं. ताई, पोर अजून मान धरत नाही गं. तू तिच्या रेघेपर्यंत पोचलीस?

सासूबाई म्हणतात, तुझ्या बहिणीच्या मनात काय आहे ते एकदा विचार. तेव्हा विचारते आहे. उत्तर लवकर दे, मी इथे दोन दगडांच्या मधे सापडलेय.

तुझी वडी


ता. २७ जून

चि. वडीस,
अ. उ. आ.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. हाताचं वळण गं, दुसरं काय. जन्मतारीख कोरली की हात आपसूक रेघ मारतो आणि पुढे सरकतो. इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही.

दगड फोडून टाक. सासूबाईंना सांग, माझ्या मनात बाळाबद्दल मायेशिवाय काही नाही. तू म्हणत होतीस तेच खरं, नावं ठेवणं माझं काम नव्हे. मी आता नावात पडत नाही आणि पाटीतही पडत नाही. पत्राला उत्तर नाही दिलंस तरी चालेल, फक्त माझ्यापासून तुटू नकोस.

तुझी ताई


ता. ३० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज कचेरीत गेलो होतो. चौघं, म्हणजे कोशासकट पाच. तुझं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. वाट पाहताना पुन्हा वाचलं आणि डोळे भरून आले. माझ्या नावाला हसणाऱ्या त्या मुली आठवल्या. मधल्या सुट्टीत त्यांच्या वेण्या बाकाला गाठ मारून बांधणारी कोण होती? त्यापायी दिवसभर वर्गाबाहेर उभी कोण राहिली? वर घरी येऊन मलाच म्हणालीस की रडू नको, नाक लाल होतं.

तेवढ्यात आमचा नंबर आला. कारकुनांनी नाव विचारलं. मास्तर सासूबाईंकडे बघताहेत, सासूबाई कोशाकडे. मी तुझं नाव सांगितलं.

हो, तुझंच. त्या नावाची कुत्री मला कधी चावली नाही, मास्तरांना तशी विद्यार्थिनी भेटली नाही, आणि तू ते अजून कोरलेलं नसणार, निदान मी तरी तशी आशा करते. सासूबाईंनी तिथेच कोश चाळला. आजीने ठेवलेलं तुझं जुन्या वळणाचं नाव त्यात कुठलं असायला! मग त्यांनी मलाच विचारलं की उगम काय, अर्थ काय. मी म्हटलं, उगम आमचं घर. अर्थ, धाकटीसाठी जगाशी भांडणारी. त्यांनी जरा विचार केला, कोश मिटला आणि म्हणाल्या की अर्थ चांगला आहे, लिहून टाका.

कुणी हसलं नाही, ताई.

तुझी वडी


ता. ४ जुलै

चि. वडीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दुकानात उघडलं आणि गिऱ्हाइकासमोर हमसून रडले. ते काकांचा दगड सांगायला आले होते. म्हणाले, काकांसाठी घरातसुद्धा इतकं कुणी रडलं नाही. त्यांनी दगड एक आकार मोठा केला.

लगेच नवा संगमरवर घेतला. शेकड्यांनी नावं कोरली, पण स्वतःचं कधी कोरलं नव्हतं. पहिल्या अक्षरालाच छिन्नी खाली ठेवून पाणी प्यावं लागलं. फुलवाल्याने काचेतून वाचलं आणि माझ्या तब्येतीची चौकशी करत आत आला. त्याला सांगितलं की हे माझं नाही, भाचीचं आहे. तसं मोठ्याने सांगितल्यावर बाकीची अक्षरं सुरेख आली.

शनिवारी पाटी घेऊन येते. सासूबाईंना सांग, फक्त नाव आहे, बाकी एक रेघ नाही. आणि मास्तरांना बजावून ठेव, त्या घरात तिला कुणीही हाक मारली तरी ओ मी देणार. ती बोलायला लागली की तिचं ती बघेल.

तोवर दोघींच्या वतीने,
तुझी ताई