जहाजाच्या पुढून

बाबा, दादाची बोट मी बंद पाडली. माझ्या तक्रारीवरून त्याचा परवाना अडकलाय, बोट धक्क्याला बांधून आहे आणि आख्खा कोळीवाडा माझ्या नावाने बोटं मोडतोय. मोडू दे. तुम्ही असतात तर तुम्हीही त्यांच्यातच बसला असतात, म्हणून तुम्हालाच सांगते.

खाडीच्या तोंडाशी गॅसचं टर्मिनल यायचं घाटतंय. गार करून पाण्यासारखा पातळ केलेला गॅस मोठमोठ्या जहाजांतून येणार. अजून सगळं कागदावरच आहे, पण ती जहाजं आली तर आपल्या बोटींनी कधी आणि कुठून जायचं, हे ठरवायचं काम बंदर खात्यात माझ्याकडे आहे. पहिल्या आराखड्यात साहेबांनी एका वाक्यात मासेमारीच बंद करून टाकली होती. मी भर मीटिंगमध्ये म्हटलं, भरती-ओहोटीची पाण्याला ओढ असताना तळात रोवलेल्या खुंटाला लावलेलं जाळं उचलता येत नाही, पाणी थांबलं की मगच निघतं. तेव्हा थांबायचंच असेल तर जहाज थांबेल. साहेबांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने आहात?" मी म्हटलं, जाळ्याच्या. महिनोन् महिने भांडून तेवढं पदरात पाडून घेतलं. त्या बदल्यात मी शब्द दिला, जाळी निघाली आणि जहाज आत शिरलं की मध्ये एकही बोट येणार नाही.

आणि तो शब्द मोडायला आपलंच घर पुढे. तुमचा तो खेळ मला अजून जसाच्या तसा दिसतो. मी फ्रॉकमधली, बोटीच्या पुढच्या टोकाला बसलेली. जहाज येताना दिसलं की तुम्ही इंजिन वाढवता आणि बोट बरोब्बर त्याच्या नाकासमोरून काढता. वरून भोंगा वाजतो, तुटक तुटक, लागोपाठ. तुम्ही हात वर करता. "बघ, कप्तान सलाम करतंय. खाडी आपली हाय, त्यानं थांबायचं." घरी आल्यावर आई कालवणाचा टोप आपटते, "पोरीला घेऊन मराचं हाय काय तुमाला?" तुम्ही बोंबलाचा काटा काढत गालात हसता. "आजवर काय झालाय काय?"

तुम्ही गेल्यावर, या नोकरीत, मी तसल्याच एका जहाजाच्या ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथे, कप्तानाशेजारी उभी राहिले. लांबून येणारी होडी दिसते. मग ती जहाजाच्या नाकाखाली शिरते आणि दिसेनाशी होते. समोर नुसतं लोखंड. कप्तानाच्या हातात तेव्हा काहीच नसतं, एवढं धूड असं पटकन थांबत नाही. आणि बाबा, तो भोंगा सलामीचा नसतो. तू काय करतोयस ते मला कळत नाही, धोका आहे, लांब हो, असा त्याचा अर्थ. तुम्हाला कधीच कोणी सलाम केला नव्हता. तुम्ही दरवेळी नशिबाने वाचलात आणि तुमच्याबरोबर मी.

हे सगळं मी गावच्या बैठकीत, देवळासमोर, माईकवर सांगितलं. एक म्हातारबाबा उठले, "तुजा बापूस आक्खा जलम जहाजाच्या पुढशी बोट काढत व्हता, त्याला नाय काय झाला." मी म्हटलं, "म्हणून या पोरांना मरायला सोडायचं का?" दादा खुर्ची मागे ढकलून उठला. "मेलेल्या बापाची इज्जत काढलीस तू," म्हणाला आणि निघून गेला. काढली. जिवंत पोरांसाठी काढली, उद्या पुन्हा काढीन.

मग तालमीचा दिवस आला. गॅसचं नाही, एक रिकामं जहाज आत आणून बघायचं होतं. पुढेमागे जहाजाला ओढणारे टग, कडेने आमच्या पहाऱ्याच्या बोटी, त्यातल्या एकीवर मी. ठरल्याप्रमाणे शेवटचं जाळं निघेपर्यंत जहाज बाहेर थांबलं. माझी केवढी छाती फुगली होती. ते आत निघालं आणि दादाची बोट सरळ त्याच्या पुढून निघाली. भोंगा वाजत राहिला. दादाने हात वर केला. पुढच्या टोकाला त्याची धाकटी बसली होती, अंगात लाइफ जॅकेटसुद्धा नाही. माझ्या हातात कर्णा होता, तो मी तोंडाला लावलाच नाही. थोडक्यात निभावलं. किनाऱ्याला लागल्या लागल्या मी तक्रार लिहायला घेतली. सोबतचा अधिकारी हळूच म्हणाला, "मॅडम, घरचा मामला आहे, समज देऊन सोडू." मी म्हटलं, घरचा आहे म्हणूनच सोडणार नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला. "भावाचा धंदा बसवलास. झाला समाधान?" मी हो म्हटलं. तिने फोन ठेवला.

एवढं ठणकावून लिहितेय खरी, पण त्यानंतर मी कोळीवाड्यात पाऊल टाकलेलं नाही. खारघरच्या माझ्या घरून निघून एकदा गावची एसटी धरायला पनवेल स्टँडपर्यंत गेले आणि तिथूनच परत फिरले. यातला शब्दन् शब्द मला दादाच्या तोंडावर बोलायचा होता, त्याच्या मुलीच्या देखत. तुम्ही उलट बोलणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.